खोलीत आणखी कोण आहे

इंग्लंडात मुलाला घर घ्यायचं असेल आणि त्यात आईनं पैसे घालायचे असतील, तर आईला लिहून द्यावं लागतं की हे पैसे मी बक्षीस दिले, परत मागणार नाही, आणि त्या घरात माझा कसलाही हक्क राहणार नाही, राहण्याचासुद्धा. हे मला कळलं तोवर माझ्या चौबे कॉलनीतल्या घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं. ते माझ्या धाकट्या भावानं आणलं होतं. तो माणूस गुटखा चघळत थेट स्वयंपाकघरात शिरला, ओट्यावर बोटं वाजवून हा पाडावा लागेल म्हणाला आणि जाताना अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी पचकन थुंकला. भाऊ हसला. मी बादलीभर पाणी ओतलं, तरी दिवसभर मला जेवण गेलं नाही.

बेत असा होता की घर विकायचं, पैसे मुलाला पाठवायचे आणि मग मी तिकडे त्याच्याकडे जाऊन राहायचं. नवरा गेल्यापासून मी एकटीच होते. सिंचन विभागातली माझी नोकरी संपली होती. घर आम्ही दोघांच्या पगारातून बांधलेलं, पण आता एवढ्या खोल्या झाडायच्या कोणासाठी, असं मलाही वाटू लागलं होतं. बातमी ब्राह्मणपाऱ्यातल्या नातेवाइकांपर्यंत पोचली. ज्यांनी नवऱ्याच्या आजारपणात फोन उचलला नव्हता, ते घरी येऊन पेढे खाऊन गेले.

मग तो बक्षिसाचा कागद सहीसाठी आला. मी मुलाला फोन केला. तो लहानपणापासून माझ्या मराठीला हिंदीतच उत्तर देतो. म्हणाला, सिर्फ फॉर्मॅलिटी है मम्मी, बँक सबसे लेती है. ते खरंही होतं. भाऊ तर रोज येऊन बसायला लागला. "सही करून दे ना ताई," तो म्हणाला, "इतकं काहून सोचून राहिली? पोट्ट्यावर भरोसा नाही का तुले?"

हा भरोसा मी आधी एकदा ऐकला होता. वडील गेल्यावर पुरानी बस्तीतलं त्यांचं घर आपल्या नावावर व्हावं म्हणून भावानं मला रजिस्ट्री ऑफिसात नेलं, हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि बाहेर येऊन रबडी खाऊ घातली. बहिणीनं वाटा मागितला की ती बहीण उरत नाही. भावानं सगळं गिळलं तरी तो भाऊच राहतो. आमच्याकडे हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडताना मी कोणाला पाहिलं नाही.

इंग्लंडातला कायदा मात्र म्हणत होता की मुलाच्या वकिलानं आईला सल्ला द्यायचा नाही. आईनं आपला वेगळा वकील करायचा, कारण दोघांचं हित एकच असेल असं धरून चालता येत नाही. हे ऐकून नातेवाईक हादरले. आई-मुलात वकील, कसले लोक आहेत, असं सगळे म्हणाले, आणि खरं सांगायचं तर मलाही तो अपमानच वाटला.

वकीलबाई तिकडच्याच, पण पंजाबी घरातल्या. हिंदी बरी बोलायच्या. एका दुपारी व्हिडिओ कॉल लागला. मी टेबलाशी बसले. भाऊ समोरच्या दिवाणावर, मोबाइलमध्ये दिसणार नाही असा, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला. टरफलं माझ्या पुसलेल्या फरशीवर टाकत होता.

बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. मुलगा आणि सून वेगळे झाले तर तुमचे पैसेही त्यांच्या वाटणीत जाऊ शकतात, हे माहीत आहे का? हप्ते थकले तर बँक घर विकेल, तेव्हा मी इथं राहते असं तुम्हाला म्हणता येणार नाही, हे कळलं आहे का? मुलगा तुमच्या आधी गेला तर? मी म्हटलं, शुभ बोला. त्यांनी माफी मागितली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला त्यांचाही तिटकारा आला. दर प्रश्नाला समोरून भावाची च्यक् च्यक् ऐकू येत होती.

मग त्यांनी विचारलं की तुम्ही कोणत्या व्हिसावर येताय. मी म्हटलं, ते मुलगा बघतोय. बाई म्हणाल्या की तुम्हाला पाहुणी म्हणूनच येता येईल, एका वेळी फार तर सहा महिने. कायमचं राहायला धडधाकट आईबापांना हा देश जवळजवळ कधीच परवानगी देत नाही.

"तो बाकी समय आप कहाँ रहेंगी, आंटी? घर तो आप बेच रही हैं."

उत्तर दिवाणावरून आलं. "मेरे यहाँ रहेंगी, और कहाँ."

बाईंचा आवाज बदलला. "कमरे में आपके साथ और कौन है?"

भाऊ हात हलवून मला खुणावत होता, कोणी नाही म्हण. त्या हाताला शेंगांची लाल सालं चिकटली होती. मी म्हटलं, भाई है. त्यांना बाहेर पाठवा, मगच पुढं बोलू, असं बाई म्हणाल्या.

"मी काहून बाहेर जाऊ?" भाऊ म्हणाला. "घरचाच माणूस आहो मी."

"जा," मी म्हटलं. तो टरफलं तशीच टाकून गेला.

मग बाईंनी मला विचारलं की तुम्हाला स्वतःला काय हवं आहे. रजिस्ट्री ऑफिसात हे कोणी विचारलं नव्हतं. पेढे खाणाऱ्यांनी विचारलं नव्हतं. माझ्या मुलानंही नाही. विचारत होती ती त्याच कामाची फी घेणारी परकी बाई, आणि याची मला इतकी शिसारी आली की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, मला घर विकायचं नाही. मग तुमची संमती आहे असं मी लिहून देणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो चिडला नाही, नुसता गोंधळला होता. मी त्याला एकच विचारलं, व्हिसाचं तुला माहीत होतं का. हो, माहीत होतं, तो म्हणाला, आधा साल तो आप यहीं रहतीं ना.

"आणि उरलेलं अर्धं?"

"मामा के यहाँ. हमारी बात हो गई थी. ऊपर वाला कमरा देने वाले थे आपको."

वरच्या खोलीला पत्रे आहेत. भाऊ तिथं मोडके पलंग आणि रिकामे डबे ठेवतो. मे महिन्यात तिथं मांजरही थांबत नाही. हे मुलालाही माहीत होतं, लहानपणी सुट्टीत तो तिथं खेळला होता. माझी समजूत घालावी तशा प्रेमळ आवाजात तो म्हणाला, "कूलर लगवा देंगे, बोले थे मामा."

भावाची किळस मी वर्षानुवर्षं गिळत आले होते. त्या संध्याकाळी पोटच्या पोराची आली, आणि ती गिळता येईना.