सफरचंदाच्या झाडाला बोललेला नवस

गेल्या शनिवारी आम्ही सफरचंदाच्या गावाला गेलो होतो... म्हणजे गावाचं नाव वेगळंच आहे, पण माझ्या सासूबाईंनी त्याचं बारसं परस्पर करून टाकलंय. स्टुटगार्टहून एस-बान, म्हणजे इथली लोकल, पुढे एक डुलत जाणारी बस, आणि मग डोंगराच्या पायथ्याशी नुसती कुरणं आणि फळझाडं.

सकाळचं धुकं अजून उतरलं नव्हतं. ओलं गवत, कुठेतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि खाली पडलेल्या सफरचंदांचा आंबूस गोड वास... आपण अजून झोपेतच आहोत की काय असं वाटत होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, कराडजवळच्या एका खेड्यातल्या. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्यात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दबकत वावरणाऱ्या आई शेत दिसल्याबरोबर तरातरा पुढे निघाल्या. वाकून चिमूटभर माती घेतली, चुरून बघितली आणि म्हणाल्या, "शेणखत घालतात वाटतं. चांगली माणसं आहेत."

खरं तर त्यांना तिकडे नेण्यात आमचाच स्वार्थ होता. मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी इथल्या उन्हाळ्यातच गेली. गाड्यांचा धंदा मंदावला आणि कंपनीने कॉन्ट्रॅक्टवरच्या इंजिनिअरांना नारळ दिला. आईंना हे कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं... त्यांना बीपी आहे, उगाच जिवाला घोर नको. म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन 'ऑफिसला' जायचा आणि लायब्ररीत बसून अर्ज पाठवायचा.

घरात आम्ही दोघं इतकं जपून बोलायचो की जीव गुदमरायचा. एक दिवस तरी मोकळ्या हवेत जाऊ या, एवढाच हेतू.

तर... मंदार आणि मी फोटो काढत पुढे गेलो. वळून बघतो तर आई एका जुन्या, वाकलेल्या झाडाला फेऱ्या घालतायत! त्यांच्या पिशवीत विणायला घेतलेली पिवळी लोकर होती. वटपौर्णिमेला सूत गुंडाळतात तशी ती त्यांनी खोडाला गुंडाळली, गाठ मारली आणि डोळे मिटून हात जोडले.

"अगं, जागृत ठिकाण दिसतंय," त्या मला म्हणाल्या. "किती जणांनी नवसाचे धागे बांधलेत बघ." खरंच, आजूबाजूच्या काही झाडांना पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या. मलाही त्यांचा अर्थ माहीत नव्हता. म्हटलं, असेल बाई, यांचंही काही असेल.

आम्ही चादर पसरून जेवायला बसलो. तेवढ्यात एक जोडपं टोपली घेऊन आलं आणि थेट आईंच्या झाडाची सफरचंदं तोडायला लागलं. आईंचा जीव वरखाली. "अगं, सांग की त्यांना, नवसाचं झाड आहे ते!"

मी उठेपर्यंत शेजारच्या वाटेवर एक ट्रॅक्टर थांबला. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या, त्या बागेच्या मालकीणबाई तरातरा आल्या आणि त्यांनी जोडप्याला हटकलं. जोडप्याने लोकरीकडे बोट दाखवलं... आणि त्यांचं बोलणं ऐकून आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

तिकडे पिवळी फीत म्हणजे मालकाने दिलेली परवानगी. ज्याला सगळी फळं उतरवणं होत नाही, तो झाडाला फीत बांधतो... या, तोडा, घेऊन जा. हे झाड मात्र बाईंनी घरच्या रसासाठी राखलं होतं. आईंनी चक्क हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं होतं!

मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये दहादा माफी मागितली. आमच्याकडे मनातलं काही मागायचं असलं की झाडाला धागा बांधतात, असं कसंबसं समजावलं. बाईंचा राग ओसरला. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अस्सं... मग मागितलं काय त्यांनी?"

मी आईंना विचारलं. वाटलं, तब्येत, नातवंड, असंच काहीतरी असणार.

आई मंदारकडे न बघता म्हणाल्या, "सांग त्यांना. माझ्या पोराची नोकरी गेलीये. ते मला सांगायचं बळ त्याला येऊ दे, एवढंच मागितलंय."

मला भाषांतर काही जमेना. मंदारच्या हातातला घास तसाच राहिला.

"ऑफिसचं नाव काढलं की विषय बदलतो. आणि लहानपणापासून बघतेय," आई म्हणाल्या, "काही लपवत असला की हा दुसऱ्यांदा भात घेत नाही. मी आल्यापासून एकदाही घेतलेला नाही."

बाईंनी आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. जोडप्याला टोपली भरून घ्यायला सांगितलं, आणि मी लोकर सोडायला गेले तर मला हातानेच थांबवलं. देव त्यांचं भलं करो.

मंदार सरकून आईंजवळ बसला. "जूनमध्येच गेली गं, आई..." एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. आईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "मग दिवसभर बसतोस कुठे रे? डबा तरी नीट बसून खातोस ना?"

म्हणजे सगळं माहीत असून त्या रोज पहाटे उठून त्याचा 'ऑफिसचा' डबा करत होत्या! मी आपली दूर मेंढ्यांकडे बघत बसले... मला पुढचं काही नीट दिसत नव्हतं.

नोकरी अजून मिळालेली नाही. सोमवारी सकाळी मी सवयीने डब्याचं विचारलं, तर आईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल, झोपलाय तो."

खरंच, कित्येक महिन्यांनी तो इतका गाढ झोपला होता... आणि मी इतके दिवस समजत होते की आम्ही आईंना सांभाळतोय.