गोरज मुहूर्त, दुबईच्या सूर्याप्रमाणे

धुरपदाबाई म्हणजे आमची मोठी माय, वडिलांची आई. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात तिची एकच ओळख: चिडकी म्हातारी. सकाळी चिडते ते किरकोळ. खरा राग दिवस बुडाला की चढतो. ओट्यावरच्या खाटेवर मांडी घालून ती बसते आणि समोरून जाईल त्याच्यावर तोंड सोडते.

“कोन शे रे तो, भूतनागत चाली राहिना?”

“मी उखर्डू शे, माय.”

“मंग तोंडमा बोळा कोंबेल शे का? बोलत चाल!”

उखर्डूबाबा आमचे शेजारी, स्वतः सत्तरीचे. रोज शिव्या खातात आणि रोज ओट्याजवळून खोकत खोकत जातात. पूर्वी खोकत नव्हते. हा खोकला मोठ्या मायच्या भीतीने लागलाय, कोणत्याही डॉक्टरला सापडणार नाही.

घरातल्यांना मात्र खरी गोष्ट माहीत आहे. दिवस मावळला की मोठ्या मायला दिसत नाही. रातांधळेपणा, लहानपणापासूनचा. बल्ब लावला तर बल्ब दिसतो, बल्बखालचा माणूस नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलंय की यावर इलाज नाही. म्हणून ती अंधारात शिव्या फेकते. शिवी ज्याला लागते तो ओरडतो, आणि तो कोण, कुठे, किती लांब, हे तिला कळतं.

हे बाहेर कोणाला सांगायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा. कायदा झाला कोकिळाआत्याच्या वेळी. आत्याला भडगावकडचे पाहुणे बघायला आले, उशिरा आले, दिवेलागण होऊन गेली. मोठ्या मायने मुलाच्या बापाला चहा दिला तो त्याच्या हातात न देता हवेत दिला. कप फुटला, बापाचं धोतर भिजलं आणि चार दिवसांनी निरोप आला: आईला असं आहे, म्हणजे रक्तात आहे, पोरीलाही होईल. आत्याला काहीच झालं नाही, आज ती रात्री सुईत दोरा ओवते. पण ती सोयरीक गेली ती गेलीच. तेव्हापासून मोठ्या मायने सूर्य बुडाल्यावर पाहुण्याच्या हातात काही दिलं नाही, फक्त शिव्या दिल्या.

आता पुनमताईचं. पुनमताई म्हणजे आमच्या नवलकाकांची मुलगी. तिची आई ती रांगत असतानाच गेली. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत सोडणं, सगळं मोठ्या मायने केलं, आणि दिवसा-उजेडीच केलं. रात्री ताई लहानपणी पायात घुंगराचे वाळे घालून झोपायची, म्हणजे कूस बदलली की मोठ्या मायला कळावं.

ताईचं जमलं जळगावच्या चंदनशी. मुलगा दुबईला एसी दुरुस्तीच्या कंपनीत. बोलणी करायला आले त्याचे काका, प्रेमराजभाऊ. हा माणूस ऐकण्यासारखा. मोबाईलला हात लावायच्या आधी अंगठा जिभेला लावणार, पानं उलटायची असल्यासारखा, आणि प्रत्येक वाक्य “बघा, काय आहे ना” पासून सुरू करणार.

मोठी माय त्यांना म्हणाली, “तुम्हले काय मानपान पाहिजे तो ल्या. मनी एकच गोट शे. लगीन गोरजवर लागाले पाहिजे. दिन बुडाना पहिले.”

का, ते बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा भडगाव झालं असतं. पण आम्हाला माहीत होतं. अंतरपाट खाली पडताना पुनमताईचं तोंड तिला बघायचं होतं. बस्स. सगळ्या लग्नातून तिला तेवढंच हवं होतं.

“बघा, काय आहे ना अक्का,” प्रेमराजभाऊंनी अंगठा ओला केला. “आता सगळं सायंटिफिक झालंय. हे ॲप. जगातलं कोणतंही गाव टाका, सूर्य कधी उगवणार, कधी बुडणार, संधिप्रकाश किती वेळ, सगळं येतं. हे पारोळा. हे जळगाव. हे आपल्या चंदनचं दुबई. आणि हे बघा, नॉर्वेच्या वरच्या टोकाला तर ऐन उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही.”

मोठी माय पहिल्यांदाच पुढे सरकली. “मावयतच नही?”

“नाही!”

“मंग तठला लोके निजतस कवय?”

“पडदे लावून झोपतात.”

“मूर्ख शेतस,” मोठी माय म्हणाली. मग जरा वेळाने, अगदी हळू, “त्या गावले एस्टी जास का?”

सगळे हसले. पुनमताई हसली नाही.

ॲपमध्ये पारोळ्याचा सूर्यास्त बघून त्याच्या जरा आधीची वेळ पत्रिकेत छापली. प्रेमराजभाऊंनी छातीवर हात ठेवला, “गोरज म्हणजे गोरज. शब्द आहे आपला.”

मे महिन्यातलं लग्न. ऊन असं की मंडपाचे लोखंडी खांब हाताला चटके देत होते. मोठी माय दुपारपासूनच स्टेजसमोरच्या पहिल्या खुर्चीवर. हिरवं लुगडं, नाकात नथ, मुठीत अक्षता. कोणी सरबत दिलं तरी मूठ सोडेना.

नवरदेव मारुतीला आला, पाया पडला, घोड्यावर बसला. मारुतीपासून मंडप म्हणजे हाक मारली तर ऐकू येईल एवढंच अंतर. पण मध्ये डीजे होता. आणि डीजेसमोर जळगावहून आलेली तीस-चाळीस पोरं, काळे चष्मे लावून. एक जण तर रस्त्यावर आडवा पडून नाचत होता. घोडा दोन पावलं पुढे आला की पोरं त्याला तीन पावलं मागे न्यायची.

सूर्य उखर्डूबाबांच्या लिंबामागे गेला. मोठी माय बघत होती.

नवलकाका हात जोडून वरातीत गेले, हात जोडूनच परत आले. मुलीचा बाप दुसरं काय करणार? जे दुसरं करायचं होतं ते आम्हा सगळ्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी उसाचं एक टिपरू पुरलं असतं.

प्रेमराजभाऊ थंड पाणी प्यायला मंडपात आले. मोठ्या मायने त्यांना बरोबर पकडलं. “गायी ऊन्यात, बांधाई ग्यात, दूध बी निंघी गयं. तुमना नवरदेव कोठे शे?”

“आलाच अक्का! बघा, काय आहे ना, सूर्य बुडाला म्हणजे लगेच गोरज संपत नाही. त्यानंतर सिव्हिल संधिप्रकाश असतो.” अंगठा, जीभ, मोबाईल. “अजून बराच आहे. सायंटिफिक गोष्ट आहे.”

आणि गेले. लांबून बघितलं तर तेच हात वर करून नाचत होते. शब्द दिलेला माणूस!

मोठी माय खुर्ची स्टेजच्या आणखी जवळ ओढायला लागली. इतकी जवळ, की फोटोवाला म्हणाला, “आजी, फ्रेममध्ये येताय.” ती म्हणाली, “तू मना डोयामा येऊ नको.”

आकाश जांभळं झालं. मंडपातले दिवे लागले आणि ज्या क्षणी सगळ्यांना सगळं झगमग दिसायला लागलं, त्या क्षणी मोठ्या मायचं तोंड बदललं. ती मान इकडून तिकडे वळवायला लागली, आवाजाच्या दिशेने.

“प्रेमराज कोठे शे?”

ते आइस्क्रीम खात होते. समोरच उभे होते. “इथेच आहे अक्का. आता नॉटिकल संधिप्रकाश चालू आहे. म्हणजे जहाजवाले जो मानतात तो. तोपर्यंत शास्त्राने चालतं.”

“पारोळाले जहाज येस का रे?”

हशा पिकला. आमच्याकडचेसुद्धा हसले, त्यांचं मला नवल वाटलं नाही, त्यांना माहीत नव्हतं. पण नवलकाकाही कसनुसं हसले, व्याह्यांचं मन राखायला, आणि तेव्हा मला त्यांचाही राग आला.

यानंतर जे झालं त्याला काही तोडच नाही. भटजींनी घड्याळाकडे बोट केलं, तर प्रेमराजभाऊ स्टेजवर चढले आणि चक्क माईक हातात घेतला. “मंडळी, घाई करू नका! बघा, काय आहे ना, आपला मुलगा कुठला? दुबईचा. आणि दुबईत,” अंगठा, जीभ, “दुबईत अजून सूर्य वर आहे! म्हणजे नवरदेवाचा गोरज अजून व्हायचाच आहे. पोरांना नाचू द्या!”

टाळ्या वाजल्या. डीजेवाल्याने आवाज वाढवला.

मोठी माय उठली. “मंग लगीन बी दुबईमाच लावा! आठे कसाले ऊनात तुम्ही?” ती वरातीच्या दिशेने निघाली. आवाजाच्या दिशेने, तडक. पण मंडपात आवाज चारी बाजूंनी येत होता. ती सजवलेल्या खांबाला धडकली, वर रचलेले मातीचे कलश खाली आले, अक्षता सांडल्या, आणि ती त्यांच्यावरच बसली.

प्रेमराजभाऊंची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, “म्हातारीने घेतलीय की काय?”

पुनमताई खोलीतून बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेली नवरी, अंतरपाटाच्या आधी, सगळ्यांसमोर. बायका “अगं अगं” करायला लागल्या. तिने मोठ्या मायच्या लुगड्यावरची खापरं झटकली, मग त्या बाईकडे वळून म्हणाली, “तिला दिसत नाही. रात्री कधीच दिसलेलं नाही.”

“पोरी, गप बैस!” मोठी माय ओरडली. “तुनं लगीन मोडी!”

“मोडू दे.”

डीजे बंद झाला. कोणी केला कोण जाणे. प्रेमराजभाऊ खाली उतरले, आता तोंडावर वेगळाच भाव. “म्हणजे तुम्ही आमच्यापासून लपवलं. बघा, काय आहे ना, हे आनुवंशिक असतं. रक्तात—”

“काका.” पुनमताईचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. “हो, लपवलं. दिवस बुडायच्या आत लग्न लागलं असतं तर लपवावंही लागलं नसतं. तुम्ही शब्द दिला होता. सिव्हिल झालं, जहाजवाल्यांचं झालं, दुबई झालं. पुढे काय, लंडन? मोबाईल काढा. पारोळा टाका. सूर्य कधी उगवतो ते सांगा.”

“उगवतो? आता उगवण्याचं काय?”

“माझं लग्न तेव्हा लागेल. ज्यांना थांबायचं ते थांबा. ज्यांना रक्ताची भीती वाटते त्यांनी जेवून जा.”

एव्हाना चंदन घोड्यावरून उतरून आला होता, घामाने थबथबलेला. त्याच्या आईने दंड धरला, कानात काही सांगितलं. त्याने दंड सोडवून घेतला. काकांना एवढंच म्हणाला, “दुबईचा सूर्य तुम्हाला मी विचारला होता का?” मग कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या, मोठ्या मायसमोर बसला आणि त्या तिच्या हातात ठेवल्या. “आजी, सकाळी तुम्हीच बांधा.”

“कोन शे हाऊ?” मोठी माय म्हणाली.

“नवरदेव.”

“मंग इतला वखत काय घोडावर निजेल व्हता का?”

पोरं जेवली, मिळेल त्या गाडीत बसली आणि गेली. बरेच पाहुणेही गेले, जाताना काय काय बोलत गेले ते आम्ही ऐकलं आणि कोण बोललं तेही लक्षात ठेवलंय.

सकाळी मंडपात मोजकी माणसं उरली होती. रात्रीच्या भाताचा वास, पायाखाली कलशांची खापरं. भटजी जांभया देत होते. अंतरपाटाचं एक टोक ताईच्या मामांनी धरलं, दुसरं प्रेमराजभाऊंनी. त्यांची गाडी पोरांनी नेली होती, म्हणून थांबले होते, मनापासून नाही.

पूर्वेला फटफटलं. प्रेमराजभाऊ सवयीने म्हणाले, “सिव्हिल संधिप्रकाश सुरू झाला. लावायला हरकत नाही.”

“तुनं शिविल खिसामा ठेव,” मोठी माय म्हणाली. “आजून माले पोरनं नाक दिखस नही. थांबा बठ्ठा.”

बठ्ठे, म्हणजे सगळेच, थांबले. कोंबडे आरवले, उखर्डूबाबा रस्त्यावरून खोकत आले आणि मंडपात येऊन उभे राहिले. कापसाच्या मोकळ्या शेतांपलीकडून लाल कोर वर आली. मोठ्या मायने चंदनच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, गाठ दोनदा मारली, मागे सरली आणि मान हलवली.

मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. अंतरपाट खाली आला. ऊन सरळ पुनमताईच्या तोंडावर पडलं होतं.

मोठी माय बघत राहिली. नंतर भडकली.

“कितली सुकी गयी वं तू! कोनी लावी हाई पावडर, भिंतले चुना दिधा तशी?” मग चंदनकडे बोट. “आनि हाऊ तर काया शे! फोटूमा गोरा व्हता!”

“दुबईचं ऊन आहे, आजी,” चंदन म्हणाला.

“माले दुबईनं नाव सांगू नको!”

आणि तिने मूठ उघडून अक्षता फेकल्या. पहिली मूठ नवरा-नवरीवर पडली. दुसरी, चांगली भरलेली, अंतरपाटाची घडी घालत असलेल्या प्रेमराजभाऊंच्या थेट उघड्या तोंडात गेली. दिवसा तिचा नेम कधी चुकत नाही.