डावीकडचा डब्बा

ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डावर बसणाऱ्या बायांमध्ये प्रेमिला गजभियेचा कान सगळ्यात तयार, हे तिची सुपरवायझर यमुताईसुद्धा मान्य करायची, आणि यमुताई कुणाचं काही सहजासहजी मान्य करणाऱ्यातली नव्हती. लाइन खरखरायला लागली की हाक यायची, "प्रेमिला, रायपूर घे गं." मग प्रेमिला हेडसेट नीट बसवून त्या खरखरीतून नाव, गाव, नंबर असं एकेक वेचून काढायची. जबलपूरची ऑपरेटर सर्दीनं बेजार आहे की घरी भांडून आली आहे, हे तिला पहिल्या 'हॅलो'लाच कळे.

हेडसेटला कानावर बसणारी वाटी एकच. दुसरा कान मोकळा. बाकीच्या बाया ती वाटी डाव्या कानावर बसवत. प्रेमिला पहिल्या दिवसापासून उजव्या. यमुताईनं तेव्हाच टोकलं होतं.

"मला असंच बरं पडतं," प्रेमिला म्हणाली. विषय संपला. एकवीस वर्षांत पुन्हा कुणी काढला नाही.

दिवसभर लोकांची घाई कानात ओतून घेणाऱ्या बाईला घरी गेल्यावर शांतता हवी असेल, असं कुणालाही वाटेल. हिला सतार हवी असायची. लग्न केलं नव्हतं. नागपुरातच इंदोऱ्याला थोरला भाऊ नत्थू आणि वहिनी कांताबाई यांच्या घरात पुढची खोली तिची. रेकॉर्ड-प्लेअर घेऊन झाला होता, पण त्याच्या पोटातल्या चिमुकल्या स्पीकरमधून सतार पत्र्यावर डाळ सांडल्यासारखी वाजे. साडी विटते, चप्पल तुटते, छत्री उलटते, दर दोन वर्षांनी आपलं पुन्हा बाजारात जा. आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी की एकदा आणली, संपलं, मरेपर्यंत तीच. प्रेमिलानं ठरवलं, ती वस्तू म्हणजे स्पीकरची जोडी.

ठरवणं सोपं होतं. एकोणीसशे सत्याहत्तर साली ती काखेत सतारीची रेकॉर्ड मारून दुकानांतून हिंडायला लागली, ती दोन वर्षं हिंडतच राहिली. त्या रेकॉर्डमध्ये उजवीकडून सतार आणि डावीकडून तबला. प्रत्येक दुकानात ती खुर्ची ओढून दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसायची, डोळे मिटायची आणि पाच मिनिटांत म्हणायची, "डावा दबलेला आहे."

दुकानदार स्पीकरच्या डब्ब्यांची अदलाबदल करायचा.

"अजूनही डावाच दबलेला आहे. म्हणजे तुमचं मशीनच खराब."

दुकानदार दुसरं मशीन लावायचा. तेही खराब निघायचं. सीताबर्डीवरच्या एका म्हाताऱ्या मालकानं तर तिला लांबून पाहूनच शटर अर्धं ओढलं. धरमपेठेतल्या एकानं हात जोडले. "बहनजी, पूरे नागपूर में सबका लेफ्ट खराब है क्या?"

"होगा," प्रेमिला म्हणाली. "मैंने सबका सुना नहीं है अभी."

हसू नका. त्या बाईला बनवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं, आणि आपल्याला सगळे मिळून बनवताहेत अशी तिची खात्री झाली होती. शेवटी बोर्डावरच्याच एका बाईनं धोंडबाचा पत्ता दिला.

धोंडबा लकडगंजात एका आरागिरणीला लागून असलेल्या टपरीत बसायचा. जयंतीला, लग्नाला भोंगे भाड्यानं द्यायचा आणि उरलेल्या वेळात स्पीकरचे डब्बे करायचा. कमी बोलायचा. प्रेमिलाचं सगळं ऐकून घेऊन त्यानं मागच्या बाजूची एक फळी आणली आणि तिच्यापुढे धरून बोटानं वाजवली.

"हे सागवान माह्या बापानं सुकवत ठेवलं होतं, बाई. तुमी जासान, मी जाईन. हे नाई जात."

प्रेमिलाला वाक्य आवडलं. तिनं जोडी सांगितली.

दीड महिन्यानं ती आपलं मशीन सायकल रिक्षात घालून घेऊन गेली. दुपारची वेळ, मजूर जेवायला गेलेले, आरा बंद. तिनं डोळे मिटले. सतार सुरू झाली आणि तिच्या अंगावर काटा आला. तारेवर नखी घासल्याचा आवाज येत होता. वाजवणाऱ्याचा श्वास येत होता. हेच. दोन वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली ते हेच. तिचे डोळे भरून आले, आणि मग तबला लागला.

"धोंडबा," ती म्हणाली, आणि तिलाच बोलायला जड गेलं, "डावा दबलेला आहे हो."

धोंडबाचं तोंड उतरलं. भोंग्यांच्या धंद्यात तो म्हातारा झाला होता, पण त्याच्या मालाला नावं ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यानं डब्बे बदलले. वायरी बदलल्या. तिच्यासमोर डाव्या डब्ब्याची पाठची फळी खोलून आतला कापूस बाहेर काढला, परत भरला. डावा तो डावाच. "आठ दिसानं या," एवढंच तो म्हणाला. आठ दिवसांनी तेच. त्यानं डब्ब्यातला स्पीकर काढून नवा बसवला होता, तरी तेच. आता प्रश्न प्रेमिलाच्या सतारीपुरता राहिला नव्हता. हा माणूस खोटा निघाला तर खरं कुणाला म्हणायचं, असं तिला झालं होतं, आणि धोंडबाला आपल्या हातावर शंका यायला लागली होती.

तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड लावण्याआधी त्यानं चहा मागवला. कप घेऊन तो तिच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि नेहमीसारखा पुटपुटला.

"बाई, चा."

प्रेमिला समोर डब्ब्यांकडे पाहत बसलेली.

"बाई, चा थंडा होऊन राहिला."

काही नाही. आरा बंद होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. धोंडबा कप घेऊन तिच्यामागून फिरून उजवीकडे आला आणि त्याच आवाजात म्हणाला, "चा."

"आणा की. केव्हाची वाट पाहते आहे."

धोंडबानं एकदा तिच्याकडे, एकदा डब्ब्यांकडे पाहिलं. मग कप स्वतःच खाली ठेवला.

"बाई, जरा उलट्या बसा."

"म्हणजे?"

"डब्ब्याकडे पाठ करून."

"गाणं काय आता पाठीनं ऐकायचं?"

"एक डाव बसा ना."

ती वैतागून स्टूल फिरवून बसली. रेकॉर्ड लागली. तबला खणखणीत आला, बोट न् बोट मोजून घ्यावं असा. आणि सतार गोधडीखाली गेली.

"घ्या! आता दुसरा बिघडला," असं ती म्हणालीसुद्धा. म्हणाली आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तिनं उजव्या कानात बोट घातलं. लकडगंज गेलं. सतार गेली, तबला गेला, समोर धोंडबाचे ओठ हलत होते आणि त्यातून काही येत नव्हतं. तिनं बोट काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं. मग डाव्या कानात घातलं. काहीही फरक पडला नाही. डावा कान होता, त्यात सोन्याची बाळी होती आणि बाकी काही नव्हतं.

"डब्बे दोन्हीबी चांगले आहेत, बाई," धोंडबा म्हणाला. चूक त्याची असल्यासारखा म्हणाला.

प्रेमिला स्टुलावरून उठली नाही. मजूर जेवून आले. आरा सुरू झाला. त्या कर्कश आवाजात, बेचाळिसाव्या वर्षी, तिला पहिल्यांदा कळलं की आपण जग एकाच खिडकीतून पाहत आलो. सगळ्या नागपूरला चोर ठरवलं. आणि चोर आपल्याच डोक्याला चिकटलेला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस मेलेली आहे, फार जुनी गोष्ट, लहानपणची. घरी नत्थूला विचारलं तर त्याला आठवलं. "गालफुगी झाली होती ना तुले, सहा वर्साची होती तव्हा. रामटेकले, मामाकडे. बरी झाली म्हनून मायनं पेढे वाटले." बरी कसली झाली! पण ज्या पोरीला दोन कानांचं जग आठवतच नाही, तिला एक कमी झाला हे सांगणार कोण? पुढे नोकरीही अशी मिळाली, की तिथे सगळ्याच बाया दिवसभर एका कानानं ऐकत. त्यात हिचा नंबर पहिला.

कांताबाई चुलीपुढे भाकरी थापत हे सगळं ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिला पत्ता नाही.

"डावा कान?" ती म्हणाली. "मी लगन होऊन आली तव्हाबी?"

"तव्हाबी, वयनी."

"अन् जेवतानी मी तुह्या डाव्या हाताले बसतो ते?"

"हळू बोललं तं काईच नाई ऐकू येत. काहून? काय काय बोलून राहिल्या होत्या मले?" प्रेमिला कितीतरी दिवसांनी हसली. वहिनीचं तोंड तिखट आहे हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. आपल्याशी मात्र ती कधी भांडत नाही, याचं प्रेमिलाला नवल वाटायचं. आता उलगडा झाला.

कांताबाई हसली नाही. तिनं तवा उतरवून ठेवला. मग उठून न जेवता आत गेली.

रविवारी धोंडबा डब्बे घेऊन आला. प्रेमिलानं त्याला निरोप धाडला होता, एकच आणा, दुसऱ्याचं मी काय करू? त्यानं दोन्ही आणले. "जोडी तोडत नाई मी," म्हणाला, वायरी जोडल्या, चहासुद्धा न घेता गेला. प्रेमिलानं खुर्ची मध्ये न ठेवता आडवी ठेवली, उजवा कान दोन्ही डब्ब्यांकडे करून. तोंड खिडकीकडे. बघणाऱ्याला वाटावं बाई रुसून बसली आहे. पण सतार आली, तबला आला, नीट, पुरा. यापेक्षा जास्त कधी नव्हतंच, तर हळहळायचं कशाला? दुपारच्या उन्हात ते सागवान मधासारखं दिसत होतं. हे आता तिचं होतं, कायमचं.

पहिली बाजू संपत आली तेव्हा कांताबाई पाट घेऊन आली आणि सवयीनं डावीकडे बसली. काहीतरी बोलली. प्रेमिलाला फक्त ओठ दिसले.

"इकडून बोला, वयनी."

कांताबाई पाट उचलून उजवीकडे आली. बसली नाही, पाट छातीशी धरून उभी राहिली.

"चौदा वर्सं झाली. कामठीचे लोक आले होते तुले मागाले. मास्तर होता पोरगा. तू ड्यूटीवर होती. तुहा भाऊ कामाले जाये ते गिरणी बंद होती तव्हा, घर तुह्या पगारावर चाले. म्या सांगतलं, पोरगी लगन करत नाई म्हन्ते. अन् हाकलले."

रेकॉर्ड संपून सुई खरखरत फिरत होती. प्रेमिलानं उठून ती उचलली नाही.

"मंग मले झोप नाई लागे. एक दिवस जेवतानी हळूच तुले सगळं सांगतलं. पाया पडतो म्हनली. तू भात कालवत होती, कालवतच राहिली. मले वाटलं, हे बोलत नाई म्हंजे माफ नाई करत. मंग मलेबी राग आला. मंग मी रोज खाली मान घालून काही ना काही टोचून बोले, की कव्हा तरी तोंड उघडशीन, भांडशीन. तू तं..."

ती थांबली. "ऐकलं ना?"

"ऐकलं," प्रेमिला म्हणाली.

कामठी. एवढ्याशा अंतरावर. माणसाचं नावसुद्धा विचारावंसं वाटेना. ती उठली, रेकॉर्डची दुसरी बाजू लावली, आणि खुर्ची उचलून पुरी फिरवली. आता कांताबाई तिच्या डाव्या हाताला होती. डब्बेही डाव्याच हाताला. सतार पार दबून गेली. जाऊ दे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं तो बहिरा कान मुद्दाम कुणाकडे केला होता.

वीस मिनिटं ती तशीच बसली. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. रेकॉर्ड संपली. खोलीत काहीच हालचाल जाणवेना. मान वळवून पाहायचा तिला धीर होईना.

"वयनी," शेवटी ती भिंतीकडे पाहतच म्हणाली, "आहात का गेल्या? मले इकडून समजत नाई."

उत्तर आलं असेल तर ते तिला ऐकू आलं नाही. मग जमिनीवरून पाट सरकल्याचा आवाज आला. आधी पुसट, पाठीमागून, आणि मग उजवीकडे अगदी जवळ, खणखणीत.