तहानलेली नाव

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं, आणि समोरचे काका रोज नावेत पाणी ओततात. पैठणच्या कोळ्यांकडून त्यांनी ही जुनी लाकडी नाव आणली, घरच्यांना घेऊन जायकवाडीत फिरायला. बसायला बाक केले, वर कापडाचं छत लावलं. पण उन्हानं फळ्या आकसलेल्या, त्यामुळे ओतलेलं सगळं पाणी रस्त्यावर. गल्लीतली एक कुत्री तिथंच पाणी प्यायची.

"काका, पाणी वाया चाललंय," मी एकदा चिडून म्हणाले.

"घरोघरच्या फिल्टरचं फेकायचं पाणी हाय, ताई. लाकूड फुगलं की फटी मिटतात." मग फळीवर थोपटून, म्हशीला सांगावं तसं म्हणाले, "पी बाई, पी."

दुसऱ्या दिवसापासून आमच्याही फिल्टरचं पाणी नावेत जाऊ लागलं.

परवा सकाळी नावेखालचा रस्ता कोरडा होता. "काका, गळती थांबली!" मी ओरडले. त्यांनी वाकून खालून हात फिरवला. शेजारी ती कुत्री कोरडी जमीन हुंगत होती. काका घरात गेले, वाडगं आणलं, नावेतलंच पाणी भरून तिच्यापुढं ठेवलं.

"हिचं पाणी तोडलं की आपण," ते म्हणाले, आणि मगच काकूंना आवाज दिला, "ऐकलं का? पैठणची तयारी करा!"