तुटक्या तारेची घंटा

भुताखेतांच्या थोतांडाविरुद्ध मी स्वतः पत्रकं छापून वाटलीत. तेव्हा "तूसुद्धा?" असं म्हणायच्या आधी पूर्ण वाचा.

२०१६, जर्मनीतलं येना. मी इथे लेन्सवर संशोधन करते. गावाबाहेर लाल विटांचं एक घर होतं — इंग्लंड पाहून भारावलेल्या कारखानदारानं थेट तिकडच्यासारखं बांधलेलं. उंच धुराडी, उतरती छपरं. आणि ते पाडून पार्किंग करणार होते! आम्ही सह्या गोळा केल्या, भांडलो. शेवटी वारसा खात्याची बाई पाहणीला आली, शनिवारी भर दुपारी. अट एकच: आतली एक तरी खोली मूळ स्वरूपात दाखवा, नाहीतर घर पाडणार. आत तर सगळं उचकटलेलं...

नागपूरहून आलेली आई सोबत होती. तिचे वडील गवंडी, म्हणून ती विटांवर हात फिरवत खूश. स्वयंपाकघरात नोकरांना बोलवायच्या घंटांची रांग होती, प्रत्येकीखाली खोलीचं नाव. माझं डोकंच फिरलं.

"बघ आई, वर मालकानं दोरी ओढायची, खाली माणसानं पळायचं!"

"भाषण नंतर दे गं."

तेवढ्यात एक घंटा वाजली. खाली लिहिलेलं — 'बिब्लिओटेक', म्हणजे ग्रंथालय. सगळ्या घंटांच्या तारा कापलेल्या, भिंतीवर लोंबत होत्या. घरात आम्ही तिघीच, आणि तिघी त्या घंटांसमोर!

"आल्झो... म्हणजे..." बाई पुटपुटली. "नकाशात ही खोलीच नाही."

"बोलावतायत तर जा की," आई म्हणाली.

आणि मी धावले! कुठे, ते माहीत नसताना. आई मागोमाग. जिन्यापाशी तिनं भिंतीवर बोटं वाजवली. "पोकळ आहे. वर छपरावर इथंच धुराडं आहे ना? मग खाली शेगडी कुठंय?"

बाईनं फोन करून परवानगी काढली, भिंतीला भोक पाडलं, टॉर्च मारला. आत विटांची शेगडी, छतापर्यंत लाकडी फळ्या. कुणाचा हातच लागला नव्हता. बाईनं आईला चक्क मिठी मारली!

घर वाचलं. त्या खोलीत आता अभ्यासिका आहे.

घंटेचं म्हणाल तर उंदीर, वारा, रस्त्यावरचा ट्रक — सगळं तपासलं. तार तुटलेलीच. एकही कारण टिकत नाही, हे लिहून देते. पण खरी चीड वेगळीच आहे: मालकाच्या घंटेवर मी पळाले!

"मालक कशाला असेल?" आई हसते. "झाडूवाली असेल. खोली बुजवली म्हणून बोंबलत असेल बिचारी."

पुरावा नाही, असं मी तिला ठणकावते. पण हल्ली आवाज तेवढा चढत नाही...