यवतच्या लग्नात न घेतलेलं नाव

मी घर सोडलं ते रांजणगावच्या एका कंपनीच्या बसमधून. पहिली शिफ्ट सुटली की ती बस कामगारांना घेऊन पुण्याला जायची आणि तिचा ड्रायव्हर आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीचा होता. केंदूरहून मोटरसायकलच्या टाकीवर माझी बॅग ठेवून आप्पांनी मला हायवेला आणलं.

“पोरगी टीव्हीत चालली हाय,” ते ड्रायव्हरला म्हणाले.

“मग आमाला कवा दिसनार?”

“दिसायची न्हाई. लिहिनार हाय ती.”

“दिसनार न्हाई तर जाती कशाला एवढ्या लांब?”

आप्पा हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “कुनी काय इचारलं तर बोलत जा जरा. गप बसू नको.”

बसमध्ये सगळे गळ्यातल्या ओळखपत्रांसकट झोपलेले होते. कुणी काही विचारलं नाही. पुण्याला मुंबईची गाडी धरेपर्यंत मी गप्पच बसले.

तुमच्यातले जे गावातच राहिले, त्यांना मी कशी होते ते आठवत असेल. मी शिरूरच्या इंग्लिश मीडियमची. पिवळ्या बसमधून उतरले की वाटेतल्या पोरी ‘मॅडम आल्या’ म्हणायच्या. मला ‘न्हाई’ म्हणता यायचं नाही आणि ‘नाही’ म्हटलं की हसं व्हायचं, म्हणून मी दोन्ही सोडून दिलं. आप्पा तेव्हा शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. घरी माणसांचा राबता. ओसरीवर चहा होत राहायचा आणि मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायची. पान तेच असायचं. मी ऐकत असायची. कोण बोलता बोलता कुठे थांबतं, कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतं, कोण हरल्यावर मोठ्याने हसतं. हे कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. बोलता येत नसल्यामुळे ऐकत होते, एवढंच.

मुंबईत हेच माझं भांडवल झालं. उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही सहा जण बसायचो, एका विनोदी मालिकेचे लेखक. मालिका गावातल्या एका घराची. बाकीचे पाच जण शहरातले. मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे, पण माझे संवाद कलाकारांना आवडायचे. ‘हिच्याकडे गावाकडचा टच आहे’ असं म्हणायचे. तो टच म्हणजे आमच्या ओसरीवरची माणसं होती. एकाचं बोलणं, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याचा राग असं मिसळून मी लिहायची. कुणी ओळखू येऊ नये याची काळजी घ्यायची. तीन वर्षं घेतली.

मग एक दिवस आमच्याकडे एपिसोडच उरला नाही. चॅनेलने दोन गोष्टी परत पाठवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग होतं आणि टेबलाभोवती सगळे मोबाईलकडे बघत होते. हेड रायटर म्हणाला, “कुणाकडे काहीही आहे का? काहीही.” आणि मी बोलले. मी त्यांना यवतचं लग्न सांगितलं.

यवत माझ्या आईचं माहेर. मामांच्या भावकीतलं लग्न होतं, हायवेवरच्या मंगल कार्यालयात. आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मंगलाष्टकांच्या आधी माईकवर आलेल्या मान्यवरांची नावं घेतात. आमदारांपासून सुरुवात होते, मग कारखान्याचे संचालक, सरपंच, माजी सरपंच. मुहूर्त टळून जातो, नवरा-नवरी ताटकळतात, पण एकही नाव गळलेलं चालत नाही. नाव घेतलं की त्या माणसाने पुढच्या सोफ्यावरून अर्धवट उठून हात जोडायचे. आप्पा दरवर्षी असे पंचवीस-तीस वेळा उठत असतील. पण त्या वर्षी ते सोसायटीची निवडणूक हरले होते. यादीत चेअरमन होता, तो नवा होता.

मी त्यांच्या शेजारी बसले होते. प्रत्येक नावाला आप्पा सदऱ्याची बाही सारखी करायचे. यादी संपली. भटजींनी माईक घेतला. अक्षता वाटायला लागले. तेव्हा आप्पा माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, “माझं नाव घेतलं का गं? मी मागं बघत हुतो.”

ते मागे बघत नव्हते.

मी म्हणाले, “घेतलं, आप्पा. मघाशीच घेतलं.”

त्यांनी लगेच मांडवाकडे बघून हात जोडले. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. मग व्यवस्थित जेवले, दोनदा जिलबी घेतली. घरी आल्यावर आईला म्हणाले, “नाव घेतलं बरं का. इसरली न्हाईत मान्सं.” मी आयुष्यात चांगलं असं जे काही केलंय, त्यात ते एक खोटं मी वर्षानुवर्षं धरत आले.

टेबलाभोवतीचे पाचही जण हसत होते. हेड रायटर डोळे पुसत होता. आजवर माझ्या तोंडच्या बोलण्यावर एवढी माणसं कधी हसली नव्हती. मला उबदार वाटलं, हेही लिहायला हवं. मी अजून सांगत गेले. बाही सारखी करायची सवय सांगितली. मागं बघत होतो म्हणणं सांगितलं. मुलीची पुतणी आणि वडिलांचे काका करायचे, आणि पुतणीने ‘घेतलं की’ म्हटल्यावर काकाने मानाचा फेटा बांधून घ्यायला थेट स्टेजवर चढायचं, एवढं फक्त आम्ही जोडलं. काकाचं नाव ठेवलं नाना.

तो एपिसोड आमच्या मालिकेचा सगळ्यात गाजलेला एपिसोड ठरला. त्याचा तुकडा मोबाईलवरून फिरला. चॅनेलने नानाला कायमचं पात्र केलं आणि पुढच्या सीझनला मला शोरनर केलं, म्हणजे मालिका कुठे जाईल हे ठरवणारी. त्याच आठवड्यात आईचा फोन आला.

“आप्पांनी बघितलं.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. टीव्ही बंद केला आन् गोठ्यात जाऊन बसले.”

आप्पांचा फोन दोन दिवसांनी आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत. “एकच इचारायचं हुतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी यवतला माझं नाव घेतलं न्हवतं का?”

मी संवाद लिहिते. माणसाला अडचणीतून कसं बाहेर काढायचं हे मला येतं, त्याचाच पगार मिळतो. मी म्हणाले, “आता कुठे आठवतंय, आप्पा?”

“न्हाई, खरं सांग.”

“नव्हतं, आप्पा.”

“बरं,” ते म्हणाले. “जेवलीस का?” आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवला.

त्यानंतरचं मला चुलतभावाकडून कळलं. पाबळ रोडला एका लग्नात माईकवाल्याने आमदारांच्याही आधी आप्पांचं नाव घेतलं. वर म्हणाला, “आपले टीव्हीतले नाना! नाना, ऐकू आलं न्हवं? न्हाईतर परत घेतो.” अख्खं कार्यालय हसलं. आप्पा उठले, हात जोडले, बसले. तेवढं त्यांनी रीतीप्रमाणे केलं. जेवायला थांबले नाहीत. तेव्हापासून ते कुठल्याच लग्नाला गेलेले नाहीत. पत्रिका येतात, आई एकटी जाते.

मी चॅनेलच्या मीटिंगमध्ये सांगितलं की नानाला काढायचंय. कारण विचारलं तेव्हा कारणही सांगितलं, इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा मी कामाच्या माणसांशी घरचं काही बोलले. सगळे सहानुभूतीने वागले. कुणीतरी पाणी दिलं. मग म्हणाले, तू ब्रेक घे हवा तर, नानाचा ट्रॅक दुसरं कुणीतरी लिहील. म्हणजे नाना जाणार नाही, मी जाऊ शकते. मी ब्रेक घेतला नाही. दुसऱ्याच्या हातात तो आणखी बावळट होईल, निदान मी त्याला सांभाळून लिहीन, असं मी स्वतःला समजावलं. ते समजावणं अजून चालू आहे. दर आठवड्याला मी नानाला लिहिते आणि तो अजून हसवतो. जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांना विचारावंसं वाटतं, तुम्ही घरून काय काय उचलून आणलंत, आणि ते परत नेऊन ठेवायची काही सोय तुम्हाला सापडली का? मला सापडली नाही.

मागच्या महिन्यात मी चार दिवस केंदूरला गेले. आप्पा नीट बोलले. रस्ता कसा होता, तब्येत कशी आहे, सगळं विचारलं. पण ओसरीवर कुणी आलं की आप्पा त्याला घेऊन विहिरीकडे जायचे. पहिल्या दिवशी मला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर ऑफिसच्या मेसेजला उत्तर देत होते, तेव्हा आईने घाबरल्यासारखी मान हलवली. “ते आसले की मोबाईल नगं,” ती नंतर म्हणाली. “त्यांना वाटतं, तू लिहून घेतीस.”

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं लवकर जेवायला बसलो. साडेसात वाजले आणि शेजारच्या घरातून आमच्या मालिकेचं शीर्षकगीत भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं. आमचा टीव्ही त्या वेळी बंदच असतो. आप्पांचा घास हातात राहिला. माझी आई घरात कधी वरच्या पट्टीत बोललेली मी ऐकली नव्हती. ती एकदम मोठमोठ्याने बोलायला लागली, यवतच्या मामांनी घेतलेल्या गाडीबद्दल.

“दादा ती उन्हात ठिवीत न्हाई, पावसात काढीत न्हाई. परवा पोरीच्या सासरी यष्टीनं आला. म्हनला, गाडीला कुनी ओरखडलं म्हंजी? मी म्हनलं, मग घेतली कशाला? तर म्हनला, यष्टीत सांगायला.”

आप्पांच्या ओठाचा कोपरा हलला. कित्येक महिन्यांनी हलला असेल. हसू गालापर्यंत आलं होतं आणि तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हातांकडे. मोबाईल आतल्या खोलीत बॅगेत होता. मी दोन्ही हात ताटाच्या कडेला ठेवले, त्यांना दिसतील असे, आणि हलवले नाहीत. पण हसू तोवर गेलं होतं. त्यांनी खाली बघून भाकरी मोडली. पलीकडच्या घरात माणसं हसत होती.

घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी हे सांगेन. जिथे मी आत आले की माणसं विचार करून बोलतात, ती जागा. तरीही मी तिथे जाणार आहे, दिवाळीत, आणि त्यानंतरही.

आईचं ते यष्टीचं वाक्य कुठेही वापरायचं नाही, असं मी परतीच्या बसमध्ये ठरवलं होतं. आणि आत्ता तुम्हाला सांगून टाकलं.