शकूची पावलं

आज उशीची शिवण उसवली, कापूस हाताला लागला आणि शकू आठवली. माझी ही धाकटी बहीण सातवा महिना लागताच जन्मली होती. आईनं तिला घरच्या कापसात गुंडाळून जगवलं. तीन वर्षांची झाली तरी ती चालत नव्हती.

मी चौथीत पहिली आले, तेव्हा निकाल नाचवत घरी आले. माझ्यासाठी आणून ठेवलेले पेढे आई अंगणात शेजारणींना वाटत होती.

"शकू चालून राह्यली," ती म्हणाली.

"आई, मी पहिली आली."

"तुले तर सारंच येते."

मी जळफळत भिंतीकडे तोंड करून बसले. पाठीला शकूचा हात लागला, तो झटकला. आईला सोडून, अख्खं अंगण ओलांडून ती माझ्याकडे आली होती.